पोह्यातला गहू

‘बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, फळा तुम्हीच लिहा.’ मंडळातले काही जण मला अजून ‘बाई’ म्हणतात. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी हाक ऐकून बरं वाटतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बहुसांस्कृतिक उत्सवात मंडळाचा स्टॉल लागला, तेव्हा पदार्थांचा फळा माझ्याकडे आला.

पदार्थ एकच होता, कांदेपोहे. वडापावाचा आग्रह बऱ्याच जणांचा होता, पण तळण म्हटलं की तेलाच्या आगीसाठी वेगळं अग्निशामक नळकांडं लागतं, आणि ते आणायचं कुणी यावर वडापाव मागे पडला. मी रंगीत खडूंनी लिहिलं : कांदेपोहे, शाकाहारी, दूध नाही, आणि खाली ठळक अक्षरांत ‘ग्लुटेनफ्राय’. पोहे म्हणजे तांदूळ. तांदळात गहू कुठून येणार?

असे उत्सव जर्मनीत आता गावोगाव होतात, पण त्यामागे बराच इतिहास आहे. कारखान्यांना माणसं हवी होती म्हणून 1955 मध्ये इटलीशी आणि 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार झाले. 1973 मध्ये ही भरती थांबली. आलेल्यांपैकी बरेच ‘पाहुणे कामगार’ मात्र परत गेले नाहीत, त्यांनी बायकामुलांना इकडे आणलं. त्यांच्याशी शेजारी म्हणून वागायचं कसं, हा प्रश्न आधी चर्चनी हातात घेतला, आणि 1975 पासून जे सुरू झालं त्याचा आज सप्टेंबरअखेरचा ‘इंटरकुल्टुरेले वोखे’ झाला आहे. पुढे 1992-93 मध्ये रोस्टॉक, म्योल्न, झोलिंगन इथे परदेशी लोकांच्या घरांवर हल्ले झाले, आगी लावल्या गेल्या. झोलिंगनमध्ये एकाच तुर्की कुटुंबातल्या पाच मुली-बायका गेल्या. बर्लिनचा ‘कार्नेवाल डेअर कुल्टूरेन’ 1996 मध्ये सुरू झाला तो या पार्श्वभूमीवर. रस्त्यावरचा तो नाच पाहताना हे आठवत नाही, आठवावं असं मला वाटतं.

आमच्याजवळचं मोठं शहर म्हणजे स्टुटगार्ट. 1968 पासून ते मुंबईचं भगिनी-शहर आहे, हे मला इथे येऊन तीन वर्षं झाल्यावर एका पाटीवरून कळलं. तिथे 2001 पासून दर उन्हाळ्यात ‘झोमरफेस्टिवाल डेअर कुल्टूरेन’ भरतो. रंगमंचावर देशोदेशीचे गायक-वादक, आणि भोवती निरनिराळ्या समाजांच्या संस्थांचे खाण्याचे स्टॉल. तिकीट नाही. आमच्या भागातला उत्सव याच पद्धतीचा, फक्त आकाराने त्याच्या नखाएवढा : एक शाळेचं पटांगण, एक ट्रॉलीवरचा रंगमंच आणि बारा-पंधरा तंबू.

आमच्या उजव्या हाताला तुर्की फेराइनचा तंबू होता, डाव्या हाताला एक अफगाण कुटुंब. तुर्की बायका पातळ पोळ्या लाटून त्यात पालक आणि चीज भरून तव्यावर भाजत होत्या. त्यांचं लाटणं आपल्या लाटण्याच्या निम्म्या जाडीचं आणि दुप्पट लांब. मी इतकी टक लावून बघत होते की त्यातल्या एका बाईंनी हसून ते माझ्या हातात दिलं. माझी पोळी भारताच्या नकाशासारखी झाली. हे त्यांना सांगायला माझं जर्मन पुरलं नाही, पण पोळी बघून त्यांना कळलं असावं.

दुपारी त्या बाई आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. नऊ-दहा वर्षांचा मुलगा. त्याला सिलिअ‍ॅक, म्हणजे गहू, जव, राय यातलं काहीही पोटात गेलं की आतड्याला इजा. आईच्या तंबूत सगळीकडे कणीक, त्यामुळे त्याला दिवसभर त्या तंबूत काही खाता येत नव्हतं. आमचा फळा वाचून तोच आईला ओढत घेऊन आला होता. मी बशी भरली, वर लिंबाची फोड ठेवली. त्याने चमचा हातात घेतला, तेवढ्यात त्याच्या आईंनी मला विचारलं, ‘रागावू नका, पण पुडे दाखवता का?’

मी एकेक पुडा दाखवला. पोहे, दाणे, मोहरी, हळद, सूर्यफुलाचं तेल. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी हिंगाच्या पिवळ्या डबीकडे बोट केलं. डबीच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, घटकांमध्ये लिहिलं होतं : गव्हाचं पीठ.

आपण वापरतो तो बांधणीचा हिंग. मूळ हिंग म्हणजे झाडाचा चीक, तो इतका उग्र असतो की त्यात डिंक आणि पीठ मिसळावं लागतं. काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात, पुष्कळशा गव्हाचं. कळत्या वयापासून मी तीच डबी बघत आले आहे, आणि मागची बाजू एकदाही वाचलेली नव्हती. मुलांना ‘प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ सांगणारी मी!

मुलाने चमचा खाली ठेवला. रडला नाही, त्याला सवय असावी. तेच मला जास्त लागलं.

त्याच्या आई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी ओलं फडकं पुढे केलं, मी ‘ग्लुटेनफ्राय’ पुसलं, आणि त्यांनी सांगितलं तसं लिहीत गेले : गहू, शेंगदाणे, मोहरी. मोहरीसुद्धा! युरोपात 14 गोष्टी अशा आहेत की त्या पदार्थात असतील तर गिऱ्हाइकाला सांगाव्या लागतात. गहू, दूध, अंडी, दाणे, तीळ यांच्या रांगेत आपली मोहरीही बसली आहे. सुट्ट्या विकलेल्या पदार्थांनाही हा नियम 2014 च्या डिसेंबरपासून आहे. आमच्या फोडणीने एका चमच्यात यातल्या दोन गोष्टी आणल्या होत्या.

पण तोवर दोन तास तो फळा तिथे लटकत होता. कुणीकुणी खाल्लं असेल? आयोजकांना सांगणं भाग होतं. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं की भारतीय स्टॉलवरच्या पोह्यांत गहू आहे, कुणी फळा वाचून खाल्ले असतील तर स्टॉलवर यावं. ही घोषणा झाली ती नेमकी आमच्या मुलांचं लेझीम सुरू होण्याआधी. फेटे बांधलेली दहा मुलं रंगमंचावर उभी आणि पोह्यांची बातमी सगळ्या पटांगणाला. मंडळातल्या एक काकू पुटपुटल्या, ‘आता हेच राहिलं होतं.’ माझे कान तापले होते. तक्रार घेऊन कुणी आलं नाही, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

लेझीम छान झालं, टाळ्याही मिळाल्या. टाळ्या वाजवून लोक पुढच्या तंबूकडे गेले. या उत्सवांवर इथली काही मंडळी टीका करतात, की यात संस्कृती म्हणजे कपडे, नाच आणि खाणं एवढंच उरतं. मला ते अर्धं पटतं. रंगमंचावर आपण दिसतो, ओळख होत नाही. पण त्या फडक्याने पुसलेल्या फळ्यापाशी मी पाऊण तास उभी होते, आणि आठ वर्षांत एवढं जर्मन मी कुणाशी बोलले नव्हते. शेजारच्या अफगाण आजोबांनीही डबी हातात घेऊन वास घेतला. हा चीक आमच्याकडूनच तुमच्याकडे जातो, आम्ही फारसा खात नाही, असं त्यांनी नातीकडून सांगवलं. गव्हाचा दोष आमचा नाही, एवढंही.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. वाळवा तालुक्यात गोटखिंडी म्हणून गाव आहे, तिथे चाळीसहून अधिक वर्षं गणपती मशिदीत बसतो. लहानपणापासून ऐकत आले. इथे आल्यावर कळतं की दहा दिवस एका छपराखाली आरती आणि नमाज सांभाळायची म्हणजे वेळा कोण लिहितं, चपला कुठे काढतात, झाडतं कोण, हे आधी कुणीतरी बसून ठरवलेलं असणार. बातमीत ते येत नाही.

पुढच्या आठवड्यात मी नवा डबा, नवा चमचा घेऊन बिनहिंगाचे पोहे केले आणि त्या मुलाकडे नेले. त्याने कांदा बाजूला काढून बाकी सगळं खाल्लं. या वर्षीच्या उत्सवात आयोजकांनी मला सगळ्या स्टॉलचे फळे तपासायला बसवलं. लाल पेन हातात घेऊन! पंधरा तंबूंपैकी चौघांच्या यादीत तीळ लिहायचे राहिले होते, त्यात तुर्की फेराइनही होतं. त्या बाई आणि मी एकमेकींकडे बघून हसलो.

दिवाळीला त्या मुलासकट फराळाला येणार आहेत. म्हणून परवा सासूबाईंना फोन केला, ‘आई, चकलीच्या भाजणीत गहू घालता का हो?’

‘छे, चकलीच्या नाही. थालिपिठाच्या घालते.’

‘आणि हिंग घालायचा नाहीये.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाल्या, ‘बरं, मग ओवा जरा जास्त घाल.’