नाव हिरावलेले कुळ

स्कॉटलंडमधील एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत शोधणाऱ्या जिज्ञासूला 1855 पर्यंत मागे जाणे फारसे कठीण पडत नाही. कारण त्या वर्षापासून जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारदप्तरी नोंद सक्तीची झाली आणि मृत्यूच्या दाखल्यावर मृताच्या मातेचे माहेरचे आडनावही लिहिले जाऊ लागले. त्यापूर्वीचा मुख्य आधार म्हणजे चर्चमधील बाप्तिस्मा-विवाहांच्या, बहुधा त्रुटित अशा वह्या.

मॅकग्रेगर कुळाच्या वंशजाची वाट मात्र याही आधी हरवलेली असते. 1603 मध्ये ग्लेन फ्रून येथील लढाईतल्या रक्तपातानंतर राजा सहावा जेम्स याच्या शासनाने हे आडनाव धारण करणे हाच देहान्त शासनास पात्र अपराध ठरविला, तेव्हा प्राणरक्षणार्थ कोणी कॅम्बेल झाले, कोणी ग्रॅहम, कोणी ड्रमंड. 1661 साली दुसऱ्या चार्ल्सने ती बंदी उठविली, 1693 मध्ये ती पुन्हा लादली गेली आणि 1774 मध्ये कायमची रद्द झाली. याच कुळातील प्रख्यात रॉब रॉय यानेही मातेचे कॅम्बेल हेच आडनाव वापरले. एका फर्मानाने पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा पुसू पाहावा, हा अन्याय मला तरवारीच्या घावाहून क्रूर वाटतो. या नामांतरांमुळे दप्तरातला प्रत्येक कॅम्बेल मूळचा कॅम्बेलच असेल असे नाही. अलीकडे पितृवंशाच्या वाय-गुणसूत्राची तपासणी अशा काही घराण्यांना त्यांचे मूळ कूळ दाखवू लागली आहे.