कळसूबाईचा बेत

दिवाळीची सुटी दिसू लागली, की आमच्या घरात चकलीच्या भाजणीबरोबर सहलीचा बेतही भाजला जाऊ लागतो. गेल्या वर्षी ठरले ते भंडारदरा आणि कळसूबाई. सवड तीन दिवसांची. माणसे पाच: आम्ही दोघे, कॉलेजात जाणारा मुलगा, ११ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांची माझी आई.

चिरंजीवांनी तासाभरात कागद पुढे ठेवला. त्यावर कळसूबाई होते, रतनगड होता, सांदण दरी होती, घाटघरचा कोकणकडा होता, रंधा धबधबा होता आणि शेवटी, जणू जाता जाता, हरिश्चंद्रगडही होता! ठिकाणांच्या अशा यादीला बेत म्हणणे म्हणजे वाण्याच्या यादीला स्वयंपाक म्हणण्यासारखे आहे. डोंगरातल्या सहलीचा बेत ठिकाणांपासून सुरू करूच नये. तो सुरू करावा आपल्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसापासून आणि मावळत्या सूर्यापासून. हे दोघेही आपल्यासाठी घाई करीत नाहीत.

म्हणून मी यादी बाजूला ठेवली आणि हिशेब मांडला. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा आडाखा सांगून ठेवला आहे. मूळ मापे मैलांची आणि फुटांची. आपल्या मापांत सांगायचे, तर सुमारे ५ किलोमीटर वाटेला एक तास, आणि चढ असेल तर दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावापासून चढण साधारण ९०० मीटरांची आणि वाट ६ किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे नेस्मिथसाहेबांच्या हिशेबाने पावणेतीन तास. पण साहेबांचा हिशेब चांगल्या कसलेल्या, न थांबता चालणाऱ्या गड्यासाठी आहे. त्यात मुलीच्या बुटाची सुटलेली नाडी, सौभाग्यवतींचे लिंबू सरबत आणि प्रस्तुत प्राध्यापकाचा दम धरलेला नाही. आम्ही चढायला साडेचार तास धरले, उतरायला तीन. सकाळी सातला निघायचे. थंडीच्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी निदान दोन तास हाताशी राखून ठेवायचे.

या हिशेबातून जी एक ओळ निघाली, ती मी कागदावर सर्वांत वर लिहिली: दुपारी बारा वाजता, जिथे असू तिथून मागे वळायचे. ही वेळ घरीच ठरवावी लागते. शिखर समोर दिसू लागल्यावर ती ठरवणे माणसाच्या आवाक्यातले नसते.

मग यादी आपोआप वितळली. हरिश्चंद्रगड हा स्वतंत्र सहलीचा विषय. तो पहिल्यांदा गेला. सांदण ही साम्रदजवळची चिंचोळी, खोल घळ. पावसात तर तिच्यात उतरूच नये, आणि एरवीही तिला जवळजवळ एक दिवस द्यावा लागतो. रंध्याची खरी शोभा पावसाळ्यातली. रतनगडावरचे नेढे पाहण्याजोगे खरेच, पण कळसूबाईच्या दुसऱ्याच दिवशी मुलीच्या पायांना तो चढ कशाला? उरला तो बेत असा: पहिल्या दिवशी इगतपुरीपर्यंत आगगाडी, पुढे घोटीवरून जीपने शेंडीला मुक्काम आणि १९२६ साली पुरे झालेल्या विल्सन धरणाच्या काठी संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी कळसूबाई, तिसरा दिवस आईचा, रतनवाडीच्या अमृतेश्वराचा.

सामानाविषयी फार लिहीत नाही. माणशी तीन लिटर पाणी, म्हणजे पाठीवर तीन किलो ओझे, हे मात्र बूट घेण्याच्या आधी ध्यानात घ्यावे. उंचीवर दर हजार मीटरांना हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, वर वाराही असतो; तेव्हा स्वेटर लागतोच. आणि डोंगरात मोबाइल केव्हा मुका होईल ते सांगता येत नाही, म्हणून सगळा बेत कागदावर उतरवून एक प्रत शेजाऱ्यांकडे व एक आईकडे दिली.

आई बारीतच थांबणार होती, ज्या घरी आम्ही जेवण सांगितले होते त्यांच्या ओटीवर. तिला सांगून ठेवले होते: चार वाजेपर्यंत आलो नाही, तर गावकऱ्यांना कळव.

वाट भाताच्या खाचरांतून निघते आणि मग चढतच जाते. अवघड कातळांवर लोखंडी शिड्या आहेत. वाटेत मी कळसूची कथा सांगितली. ही मुलगी एका घरी कामाला राहिली ती अटीवर, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एके दिवशी ती कामे गळ्यात पडताच ती डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अट आधी घालायची असते, हे मला कुणी सांगितलंच नाही."

सुटीची गर्दी एवढी, की वरच्या शिडीखाली ही लांब रांग! पावणेबारा झाले होते. देवळावरचा झेंडा दिसत होता. चिरंजीव म्हणाले, "बाबा, फक्त अर्धा तास!" तो अर्धा तास खोटा नव्हता, पण वर गेलेल्यांना त्याच शिडीने उतरायचे होते, आणि उतरणाऱ्यांचीही रांग होतीच. मुलीने घड्याळ दाखवले. आम्ही वळलो. चिरंजीव पहिल्या विसाव्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

सव्वातीनला बारीत पोचलो, तेव्हा आई घरच्या बाईंबरोबर नागली पाखडत बसली होती.

"कसं होतं रे शिखर?"

"शिखर राहिलं, आई."

"राहू दे. अडीचपासून माझं लक्ष त्या डोंगराच्या सोंडेवरच होतं."

दुसऱ्या दिवशी अमृतेश्वराच्या कोरीव दगडांवरून हात फिरवीत ती दोन तास रमली. शेजारची पुष्करणी, तिच्या कोनाड्यांतल्या मूर्ती, आणि मागे रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. घाई कुणालाच नव्हती, कारण त्या दिवसाच्या कागदावर पुढे काही लिहिलेलेच नव्हते.

यंदा पुन्हा तोच बेत आहे. शनिवार-रविवार टाळून मंगळवार धरला आहे. निघायची वेळ साडेसहा केली आहे, वळायची मात्र बाराच. आई या खेपेला ओटीवर बसायला तयार नाही. वाटेवर खालीच देवीचे एक लहान देऊळ आहे, तिथवर येणार म्हणते. तिच्यासोबत कोण मागे राहणार आणि तिची वळायची वेळ कोणती, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.