अतिदक्षता विभागाच्या दाराआड
अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला घशातील नळीमुळे बोलता येत नाही. गुंगीची औषधे, अखंड दिवे आणि यंत्रांचे आवाज यांमुळे त्याचे दिवस-रात्रीचे भान सुटते. अनेकांना भास होतात. ही अवस्था बहुधा तात्पुरती असते. अशा वेळी ओळखीचा आवाज, चष्मा, श्रवणयंत्र यांचाही आधार होतो. बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांपुढे मात्र अवघड प्रश्न असतो, उपचार कुठवर चालू ठेवायचे? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. २०२३ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राची प्रक्रियाही सुलभ झाली. दोन साक्षीदारांसह नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करता येते. रुग्णाची इच्छा आधीच लेखी असेल, तर निर्णयाचे ओझे घरच्यांना एकट्याने वाहावे लागत नाही.