नॉर्वेची वाट मराठीतून

परदेशी शिकायला जाणे ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाला आता नवलाईची राहिलेली नाही. एके काळी विलायतेला निघालेल्या मुलाला पोचवायला सगळी आळी बंदरावर लोटत असे. आता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या रांगेतल्या कुठल्याही इमारतीत चौकशी करावी. कुणाचा ना कुणाचा भाचा कॅनडात नाही तर जर्मनीत असतोच. मात्र कुणी नॉर्वेचे नाव काढले, की घरातली वडीलधारी मंडळी एकमेकांकडे बघतात आणि विचारतात, “तिथली भाषा कोणती? आणि ती शिकवणार कोण?”

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. नॉर्वेजियन भाषेशी माझा संबंध यावा असे काही कारण नव्हते. तो आला बदलापूरच्या एका विद्यार्थिनीमुळे. घरी मराठी, शाळा इंग्रजी, अशी ही मुलगी. पदवीनंतर नॉर्वेत शिकायचे तिने मनात घेतले होते. पुस्तके आणि संगणकावरचे पाठ गोळा करून तिने स्वतःच अभ्यास सुरू केला आणि पहिल्याच आठवड्यात ती अडली. व्याकरण म्हटले की मराठीचे सर, एवढ्याच हिशेबाने ती माझ्याकडे आली. “सर, या भाषेत प्रत्येक नामाला लिंग आहे आणि तीही तीन! पाठ तरी किती करायची?”

मी म्हटले, “अगं, तुझ्या आजीने कधी पाठ केली होती का?”

गंमत अशी, की इंग्रजीतून नॉर्वेजियनकडे गेलेल्याला जे डोंगराएवढे वाटते ते मराठी माणसाच्या घरातलेच असते. तो, ती, ते हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेले आहे. नॉर्वेजियन भाषेत ‘हूस’ म्हणजे घर, ‘त्रे’ म्हणजे झाड, ‘वान’ म्हणजे पाणी आणि ‘बार्न’ म्हणजे मूल. हे चारही शब्द तिथे नपुंसकलिंगी आहेत आणि आपल्याकडेही ते घर, ते झाड, ते पाणी, ते मूल! अर्थात हा मेळ सगळीकडे जमत नाही. आपला सूर्य पुरुष आहे, तर त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी. पण लिंग ही केवळ पाठांतराची नव्हे, कानाच्या सवयीची गोष्ट आहे, हे एकदा मनात बसले की निम्मी भीती जाते.

उच्चारांचेही तसेच. पूर्व नॉर्वेत, म्हणजे ऑस्लोच्या बाजूला, ‘र’च्या पुढे त, द, न, ल आले की दोन्ही मिळून ट, ड, ण, ळ असे मूर्धन्य वर्ण होतात. ‘बार्न’चा उच्चार जवळजवळ आपल्या ‘बाण’सारखा आणि ‘कार्ल’चा चक्क ‘काळ’! इंग्रजी बोलणाऱ्याची जीभ इथे अडखळते. आपण मात्र ‘बाळ’ नि ‘पाणी’ म्हणतच मोठे झालेलो असतो. पश्चिमेला बर्गेनकडे गेले, की तिथला ‘र’ घशातून येतो आणि हा ‘ळ’ नाहीसा होतो. कोसाकोसाला भाषा बदलते, ती तिथेही. नव्या पिढीला दोन प्रकारच्या ‘श’मधला फरक करता येत नाही, अशी तिथल्या वडीलधाऱ्यांची तक्रार असते. आपल्याकडच्या ‘न’ आणि ‘ण’ची आठवण होऊन मला हसू आले.

आता व्यवहाराचे बोलू. नॉर्वेतले पदव्युत्तर अभ्यासक्रम बरेचसे इंग्रजीतून चालतात. पदवीचे शिक्षण मात्र मुख्यतः नॉर्वेजियनमधून होते आणि त्यासाठी साधारण बी-२ या पातळीची परीक्षा द्यावी लागते. युरोपीय मोजणीच्या सहा पायऱ्यांतली ही चौथी पायरी. पूर्वी तिथली सरकारी विद्यापीठे परदेशी मुलांकडूनही शिक्षणशुल्क घेत नसत. २०२३ च्या शरद सत्रापासून मात्र युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना ते द्यावे लागते. तेव्हा ‘फुकट शिक्षण’ ही जुनी ऐकीव गोष्ट धरून कुणी बेत करू नये.

मुलीच्या वडिलांनी मला रोकडा सवाल केला, “अहो सर, वर्ग इंग्रजीतून आहेत, दुकानदारालाही इंग्रजी येते. मग वर्षभर ही डोकेफोड कशासाठी?”

प्रश्न रास्त होता. कर्ज त्यांना काढायचे होते. मी सांगितले, की वर्ग दिवसाचे चार तास. उरलेले वीस तास वसतिगृहातली सूचना, दवाखान्यातली परिचारिका, फावल्या वेळची नोकरी आणि जेवणाच्या टेबलावरचा विनोद यांत जायचे. विनोद इंग्रजीतून कुणी समजावून देत नाही. त्यातून थंडीचा काळ. उत्तरेकडच्या ट्रोम्सो शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. अशा अंधारात माणसाला माणूस लागते आणि माणसाशी जोडणारी वाट भाषेचीच.

रीतिरिवाजही भाषेतच दडलेले असतात. नॉर्वेजियनमध्ये ‘आपण’ अशा अर्थाचा आदरार्थी शब्द होता, पण तो बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. प्राध्यापकालाही ‘तू’ म्हणायचे आणि पहिल्या नावाने हाक मारायची! आमच्या विद्यार्थिनीला ही गोष्ट तीन लिंगांपेक्षा जड गेली. पण यात उद्धटपणा नाही. तिथला आदर वेळेवर येण्यात आणि आपल्या वाट्याचे काम न सांगता करण्यात असतो. इमारतीचे अंगण सगळ्यांनी मिळून झाडायचे, शाळेच्या कुंपणाला सगळ्यांनी रंग द्यायचा, याला ते ‘दुगनाद’ म्हणतात. आपला शेतकरी शेजाऱ्यांचे बैल जमवून ‘इर्जिक’ घाली, तीच ही चाल. शब्द लांबचा असला तरी त्याचा अर्थ आपल्या शेतावर उभा आहे.

या भाषेचा इतिहास तर उल्हासनगरच्या रहिवाशांना विशेष ओळखीचा वाटेल. नॉर्वे १८१४ पर्यंत, चारशेहून अधिक वर्षे, डेन्मार्कशी जोडलेला होता आणि लिहिण्याची भाषा डॅनिश झाली होती. पुढे इवार ओसेन नावाच्या विद्वानाने गावोगाव हिंडून बोली टिपल्या आणि त्यांतून एक नवी लेखनभाषा उभी केली. १८८५ मध्ये तिथल्या संसदेने दोन्ही लेखनरूपांना समान मान दिला आणि आजही बूकमोल आणि नीनोश्क ही दोन्ही शाळेत शिकवली जातात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या आणि १९४९ मध्ये उल्हासनगर वसवणाऱ्या सिंधी कुटुंबांनीही असाच वाद पाहिला. सिंधी अरबी लिपीत लिहायची की देवनागरीत? तिथेही दोन्ही लिप्या राहिल्या. भाषा टिकवायची, तर माणसांना असे झगडावे लागते.

आणि नॉर्वे आपल्याला अगदीच अनोळखी आहे, असे तरी कुठे आहे? अंबरनाथचा विम्कोचा कारखाना स्वीडिश कंपनीने काढलेला. म्हणजे नॉर्वेच्या शेजाऱ्याने आपल्या चुली पेटवल्या. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने रंगभूमीवर आणलेले श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नॉर्वेच्या ब्यॉर्नसनच्या नाटकावरून घेतलेले. इब्सेनच्या नोरावरून अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ लिहिले. मराठी नाटकाला आधुनिक वळण लागले, त्यात या चिमुकल्या देशाचा वाटा आहे.

चिमुकला म्हणतो तो विचारपूर्वक. नॉर्वेची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. आपल्या पंधराव्या हिश्शाएवढा हा समाज बाहेरून आलेल्या मुलाला शांतपणे सांगतो, की आमच्याकडे पदवी घ्यायची तर आधी आमची भाषा शीक. आपण मात्र आपल्याच मुलांना सांगतो, की पुढे जायचे तर आधी मराठी सोड. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. पण त्याच घरांतल्या किती मुलांना ‘ते मूल’मधले ‘ते’ काय आहे, हे सांगता येईल?

आमच्या विद्यार्थिनीलाही ते आधी सांगता येत नव्हते. नॉर्वेजियन शिकता शिकता तिने मराठी व्याकरणाचे पुस्तक मागून नेले आणि परत केले तेव्हा समासांवर पेन्सिलीने बारीक अक्षरात दोन्ही भाषांचे शब्द शेजारी शेजारी लिहिलेले होते. वडिलांच्या सवालाला एवढे उत्तर मला पुरेसे वाटते. प्रवेश, परवाना, कर्ज यांचे जे व्हायचे ते होईल. त्यांचा भरवसा कुणी देऊ नये. पण ज्यांच्या घरी असा बेत शिजत असेल त्यांनी शिकवणीवर्ग शोधण्याआधी मुलाला संध्याकाळी आजीपाशी बसवावे आणि घरातल्या एकेका वस्तूला तो, ती की ते, हे म्हणून घ्यावे. नॉर्वेजियनची पहिली पायरी तिथेच आहे आणि तिला शुल्क नाही.