शंभरातले दोन संदेश

नेदरलँड्समधल्या बोर्गर इथे बटाट्याच्या शेतात डेल्फ्टच्या संशोधकांनी शंभरेक बिनतारी संवेदक उभे केले, त्याला वीस वर्षं उलटली. पिकातली आर्द्रता आणि तापमान मोजून करप्याचा अंदाज बांधायचा होता. हाती लागले जेमतेम २ टक्के संदेश.

त्याआधीच्या वर्षांत रेंगाळण्यासारखं फारसं नाही. संदेश किती वेळात पोचला पाहिजे याचे प्रोटोकॉल २००२-०३ पासून निघत होते, पण बरेचसे सिम्युलेटरमध्येच उत्तीर्ण झालेले. सिम्युलेटरमधल्या बटाट्याला पाला फुटत नाही.

बोर्गरला तो फुटला आणि रेडिओचा पल्ला घटला. नवा प्रोग्राम हवेतून चढवणाऱ्या सोयीने संवेदक (नोड) जागेच ठेवले, बॅटऱ्या काही दिवसांत संपल्या. कोएन लांगेनडून आणि सहकाऱ्यांनी २००६च्या निबंधात यातलं काहीही लपवलं नाही. त्या दशकातलं सगळ्यात मोलाचं लिखाण हेच. त्याच सुमारास इक्वाडोरच्या रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर १६ नोड १९ दिवस चालले, २२९ घटना टिपल्या. डोंगरावरचे नोड तगले. दगा दिला तो खालच्या तळावरच्या विजेने. शिवाय घड्याळं चुकली, म्हणून वेळा मागाहून दुरुस्त कराव्या लागल्या. भूकंपशास्त्रज्ञाला वेळ चुकलेली नोंद काय कामाची? सेवेचा दर्जा म्हणजे केवळ वेग नव्हे, हे तिथे कळलं.

पुढे सुधारणा झाली, तीही याच कबुल्यांमुळे. २००९मध्ये नोडचे संदेश तळापर्यंत आणणारा ‘कलेक्शन ट्री प्रोटोकॉल’ १२ चाचणी-जाळ्यांवर तपासला गेला. ९० टक्क्यांहून अधिक संदेश पोचले. अशा बिनतारी जाळ्यांच्या २०१२च्या मानकात प्रत्येक नोडला बोलण्याची ठरलेली वेळ मिळाली, गोंगाट टाळायला वाहिनी बदलत राहण्याची रीतही आली.

हरवली ती कबुली. आयआयटी मुंबईनेही बोर्गरच्याच काळात नाशिकच्या द्राक्षबागेत संवेदक लावले होते. आज द्राक्षबागायतदार पान रात्री किती तास ओलं राहिलं हे मोबाइलवर पाहून डावणीची फवारणी ठरवतो. पण त्या रात्रीच्या किती नोंदी पोचल्या आणि किती अंदाजाने भरल्या, हे दाखवणारा रकाना त्या पडद्यावर सहसा नसतो. औषधाचा खर्च मात्र त्याच्याच खिशातून जातो.