चिखलोलीच्या दोन वेलांट्या

मे महिन्यातली दुपार होती. चिखलोलीला बहिणीकडे गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून उन्हात फिकट पडलेली मलंगगडाची रांग दिसत होती. भाचीची नववी संपली होती, १ मेला निकाल लागला होता आणि दहावीचा व्हेकेशन क्लास चार दिवसांवर आला होता. मी तिच्यासाठी एक पुस्तक नेलं होतं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मामा, हे परीक्षेला आहे का?"

"नाही."

"मग?"

तिच्या त्या "मग?"ला तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. पण त्या प्रश्नामागे लागल्यावर जे समजत गेलं, त्यानं मी अजून थक्क आहे. सुट्टीत गोष्टीचं पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत आणि डोक्यात त्या वेळी जे चाललेलं असतं, ते निसर्गातल्या कुठल्याही चमत्कारापेक्षा कमी नाही.

सुट्टीतल्या वाचनाचं म्हणाल, तर अमेरिकेत अनेक शाळा उन्हाळी सुट्टीच्या आधी मुलांच्या हातात पुस्तकांची यादी देतात. ती वाचूनच शाळेत परतायचं असतं. आपल्याकडे तशी सक्तीची यादी नाही. आपल्याकडे आहे तो 'कुमारभारती' या मराठीच्या पाठ्यपुस्तकातला 'स्थूलवाचन' हा भाग. दहावीच्या पुस्तकात अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकरांचा मोठ्या होत असलेल्या मुलांसाठीचा लेख त्याच भागात येतो. 'स्थूलवाचन' हा शब्द मला फार आवडतो. ओळ न् ओळ पिंजून न काढता, भराभर आणि ऐसपैस वाचायचं ते स्थूलवाचन. पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला मोजकी पानं येतात. मे महिन्यात त्याला अख्खा दिवस मिळू शकतो.

आता त्या दुपारी केलेला एक प्रयोग सांगतो. कोणालाही घरी करता येईल. भाचीला पुस्तक मनात वाचायला सांगितलं आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यानं तिच्या डोळ्यांचं जवळून चित्रण केलं. मग ते हळू गतीनं दोघांनी पाहिलं. आपल्याला वाटतं, नजर ओळीवरून घसरत जाते, कापडावरून इस्त्री फिरावी तशी. पडद्यावर दिसलं ते वेगळंच. बुबुळ टुणकन उडी मारत होतं, थांबत होतं, पुन्हा उडी मारत होतं. मधेच एखादी उडी मागे. ओळ संपली की एक लांब झेप डावीकडे.

"ए, मी अशी वाचते?" भाची ओरडलीच.

सगळेच असे वाचतात. ही गोष्ट माणसाला कळली ती १८७९च्या सुमारास, पॅरिसमध्ये, एमिल जावाल या नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत. तोवर माणूस हजारो वर्षं वाचत आला होता आणि आपली नजर उड्या मारते याचा त्याला पत्ता नव्हता. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो. उडी त्याहून कितीतरी छोटी, सेकंदाच्या तीसेकाव्या भागाची. उडी चालू असताना मेंदू दिसणं जवळजवळ बंद ठेवतो, म्हणून अक्षरं फरपटलेली दिसत नाहीत. शिवाय नजरेचा खरा तीक्ष्ण भाग अगदी लहान असतो. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा, जवळपास तेवढाच. म्हणजे आपल्याला पान कधीच अखंड दिसत नाही. नखाएवढे तुकडे दिसतात आणि मेंदू ते सांधून आपल्याला सलग गोष्ट देतो.

देवनागरी वाचणाऱ्यांसाठी यात आणखी एक गंमत आहे, आणि ती या गावाच्या नावातच लिहिलेली आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोलीचं रेल्वे स्टेशन मंजूर झालंय. त्याच्या पाटीवर 'चिखलोली' ही अक्षरं असतील. त्यातला पहिला 'चि' पाहा. पहिली वेलांटी 'च'च्या डावीकडे उभी असते, म्हणजे डोळ्यांना आधी भेटते ती 'इ'. जिभेला मात्र आधी 'च्' म्हणावा लागतो आणि मग 'इ'. शेवटचा 'ली' पाहा. तिथे दुसरी वेलांटी उजवीकडे आहे, डोळा आणि जीभ एकाच क्रमानं चालतात. मधल्या 'लो'ला काना शेजारी आणि मात्रा डोक्यावर. चार अक्षरांच्या नावात डोळ्याला डावीकडे, वर, उजवीकडे असं सगळीकडे बघून यावं लागतं आणि आवाज मात्र एका सरळ रेषेत काढायचा असतो.

ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता या संशोधकांनी हिंदी वाचणाऱ्यांवर याचा अभ्यास केला आणि तो २००२ साली प्रसिद्ध केला. डाव्या वेलांटीचे शब्द वाचायला किंचित जास्त वेळ लागतो, असं त्यांना आढळलं. हा वेळ इतका बारीक असतो की वाचणाऱ्याला जाणवतही नाही. दुसरीतलं मूल 'चि'वर अडखळतं आणि नववीतली मुलगी त्यावरून सहज पुढे जाते. मधल्या वर्षांत तिनं लाखो वेलांट्या पाहिलेल्या असतात. नियम पाठ करून ही सफाई येत नाही. ती वापरानं येते, सायकलसारखी.

आणि हे सगळं करणारा मेंदू वाचण्यासाठी घडलेलाच नाही. लिपीचं वय जेमतेम पाच हजार वर्षं. चिखलोलीहून जवळच, अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलाहारकालीन शिलालेख आहे. आपल्याला तो अतिप्राचीन वाटतो. पण मेंदूच्या उत्क्रांतीच्या मोजपट्टीवर तो कालपरवाचा. एवढ्या अवधीत डोक्यात वाचनाचं वेगळं इंद्रिय तयार होणं शक्य नव्हतं. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहाएन यांनी मांडलंय की मेंदू जुनीच जागा नव्या कामाला लावतो. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागाला लागून, डाव्या बाजूला, अक्षरांसाठी एक कोपरा तयार होतो. जन्मतः तो तिथे नसतो. वाचायला शिकणारा प्रत्येक माणूस तो स्वतःच्या डोक्यात नव्यानं घडवतो.

हे लहानपणीच घडतं असंही नाही. लखनौजवळच्या खेड्यांमध्ये शाळेचं तोंड न पाहिलेल्या, तिशीच्या आसपासच्या प्रौढांना सहा महिने वाचायला शिकवलं गेलं. लिपी आपलीच, देवनागरी. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बदल दिसले ते मेंदूच्या वरच्या थरापुरते राहिले नव्हते. खोल आत, नजरेकडून येणारी माहिती पुढे पाठवणाऱ्या जुन्या केंद्रांपर्यंत ते पोचले होते. सहा महिन्यांच्या बाराखडीनं तिशीतल्या माणसाचा मेंदू इतक्या खोलवर हलतो. मग पंधरा वर्षांच्या मुलीच्या एका उन्हाळ्यात काय काय घडत असेल!

त्याचा थोडा हिशोब मांडता येतो. सुट्टी ४५ दिवसांची धरू आणि वाचन रोज २० मिनिटं. झाले १५ तास. मिनिटाला १५० शब्दांच्या आरामशीर चालीनं १,३५,००० शब्द डोळ्यांखालून जातील. समजा शंभरातला एक शब्द अनोळखी निघाला, तर असे १,३५० प्रसंग येतील. अमेरिकेत १९८०च्या दशकात विल्यम नॅगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं होतं, की गोष्टीच्या ओघात एकदाच भेटलेल्या नव्या शब्दाचा अर्थ ध्यानात राहण्याची शक्यता किती? साधारण विसात एक. हा आकडा निराश करणारा वाटतो. पण १,३५०चे वीस भाग करा. सदुसष्ट शब्द! कोणी शिकवले नाहीत, कोणी वहीत उतरवून घेतले नाहीत, परीक्षा झाली नाही. एका उन्हाळ्यात सदुसष्ट शब्द आपण होऊन येऊन घरात राहिले. हा माझा ढोबळ हिशोब आहे आणि आकडे इंग्रजीवरून घेतलेत, पण त्यामागची रीत कुठल्याही भाषेत तीच.

आता सक्तीकडे येऊ. पुस्तकाचा इतका उपयोग होत असेल, तर यादी सक्तीची करून टाकावी का? रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रँझेन यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांत केलेला प्रयोग मला इथे मोलाचा वाटतो. सलग तीन उन्हाळे त्यांनी प्रत्येक मुलाला दर सुट्टीत १२ पुस्तकं घरी न्यायला दिली, कायमची. पुस्तकं मुलांनीच निवडायची होती. शेवटी या मुलांचं वाचन पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा पुढे गेलेलं दिसलं, आणि फायदा जवळपास उन्हाळी शाळेत घातल्याइतका होता. ती मुलं सुरुवातीला पहिली-दुसरीतली होती, नववीतली नव्हती. तरी शिकण्यासारखी गोष्ट स्पष्ट आहे. पुस्तक हातात असावं आणि ते स्वतः निवडलेलं असावं. वाचायचं हे नक्की, काय वाचायचं ते तुझं तू ठरव, एवढीच सक्ती पुरते.

निवडायला आपल्या भागात काही कमी नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४पासून उभं आहे. बदलापुरात श्याम जोशी यांनी पदरमोड करून ग्रंथसखा वाचनालय उभारलं. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. आणि साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेली 'श्यामची आई' ४२ रात्रींमध्ये सांगितलेली आहे. २ मेला सुरू करून रोज एक रात्र वाचली, तर शाळा उघडायच्या बेतात पुस्तक पुरं होतं. गुरुजींनी सुट्टी मोजून लिहिलं नव्हतं, पण सुट्टीच्या मापात ते चपखल बसतं.

भाचीनं मी नेलेलं पुस्तक बाजूला ठेवलं. मला वाईट वाटलं नाही. तिनं मोबाइलवर जुने 'किशोर' उघडले, मग बहिणीच्या कपाटातली 'श्यामची आई' काढली. क्लास सुरू झाला तरी रात्री जेवणानंतर तिची वीस मिनिटं चालूच होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेलो, बदलापूरची जांभळं आणायचं निमित्त करून. आभाळ भरून आलं होतं आणि थेंब पडायला लागले होते. इमारतीच्या खाली, खांबांच्या मधल्या जागेत, गाड्या लावतात तिथे मी आडोशाला उभा होतो. वरून भाचीनं हाक मारली, "मामा, पडवीतच थांब, मी छत्री घेऊन येते!"

तिचा जन्म फ्लॅटमधला. घराला पडवी असते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही की हा शब्द कुठून आला. सदुसष्टांपैकी एक माझ्या डोक्यावर छप्पर धरून उभा होता.