वजन आले, पावती निघाली नाही

माळव्यात, इंदूर-भोपाळ रस्त्यावर काळी सिंध नदीच्या काठी सोनकच्छ हे तालुक्याचे गाव आहे. सोयाबीनच्या हंगामात तिथे ट्रॉल्यांची रीघ लागते. माझ्या मामांच्या ओळखीच्या एका आडत्याकडचा मोठा तोलकाटा (तिकडे त्याला ‘धर्मकाटा’ म्हणतात, आणि नाव सार्थ आहे) संगणकाला जोडलेला आहे. काट्याने वजन नेटवर्कवरून पाठवायचे, संगणकातील छोट्याशा स्क्रिप्टने ते उचलून पावती छापायची. गेल्या हंगामात काट्याचा वजनदर्शक बदलला आणि पावत्या थांबल्या. काट्यावर आकडा दिसे, तार शाबूत, चुकीचा संदेश कुठेच नाही. पावती नाही म्हणजे शेतकऱ्याचे पैसे अडले.

अशा वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे हा लोकप्रिय उपाय! तेरीज जुळत नाही म्हणून नवी वही आणावी, तसाच तो. आपण वाणिज्य शाखेचे लोक व्हाउचरपासून पुढे तपासत जातो. इथेही तेच करावे.

पहिला प्रश्न, माहिती दारापर्यंत आली का? ‘टीसीपीडम्प’ हे साधन ते दाखवते. मात्र ते फायरवॉलच्या आधी पाहते. त्याला दिसले म्हणजे स्क्रिप्टला मिळाले असे नव्हे. दुसरा प्रश्न, स्क्रिप्ट योग्य पोर्टवर आणि योग्य पत्त्यावर ऐकते का? १२७.०.०.१ या पत्त्यावर बसलेल्या स्क्रिप्टला बाहेरची हाक ऐकूच येत नाही.

सोनकच्छला हे दोन्ही ठीक होते. घोटाळा पुढेच होता. टीसीपीचे नियम १९८१ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले, २०२२ साली सुधारून निघाले; पण स्वभाव तोच. टीसीपी पत्रे पोचवीत नाही, पाण्याचा पाट सोडते. ‘२४८५’ एकदम येईल किंवा आधी ‘२४’ आणि मग ‘८५’ येईल. एक वजन कुठे संपले हे पाठवणाऱ्याने खुणेने सांगायचे असते. स्क्रिप्ट १० क्रमांकाच्या खुणेची वाट पाहत होती. नवा वजनदर्शक ओळीच्या शेवटी १३ क्रमांकाची खूण पाठवत होता. दोन्ही खुणा पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून आलेल्या अक्षरांचे क्रमांक छापून पाहावे लागले. बिचारी स्क्रिप्ट बंद पडली नव्हती, ओळ पुरी होण्याची वाट पाहत बसली होती.

‘जे येईल ते लगेच छापा’ असा एक सल्ला मिळाला होता. तो घातक आहे. २४८५ किलोच्या जागी २४ किलोची पावती निघण्यापेक्षा न निघालेली परवडली! दोन्ही खुणा मान्य करायच्या आणि पाच सेकंदांत ओळ पुरी न झाल्यास तसे नोंदवहीत लिहायचे, एवढी दुरुस्ती पुरली.

तपासणीही सोपी आहे. दुसऱ्या संगणकावरून ‘नेटकॅट’ने आधी ‘२४’ पाठवावे, दोन सेकंद थांबून ‘८५’ आणि खूण पाठवावी. एकच पावती निघाली आणि तीवर २४८५ असेल, तर ट्रॉली काट्यावर घ्यायला हरकत नाही.